अध्यक्ष बोलताय का?

मी आजवर कुठलीच निवडणूक लढलो नाही. सोसायटीची नाही, ग्रामपंचायतीची नाही, शाळेच्या समितीचीसुद्धा नाही. तरी सात-आठ महिने वाटूर फाट्यावरची माणसं मला 'चेअरमन' म्हणून हाक मारत होती आणि मी त्या हाकेला ओ देत होतो. खरी चेअरमन माझी बायको होती. आज हे सांगताना माझे कान गरम होतात. त्या वेळी मात्र मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आमचं गाव वाटूरपासून मोटारसायकलवर पंधरा मिनिटांच्या अंतरावर. बायकोचा बचत गट होता. आजूबाजूच्या चार गावांतले असे गट एकत्र करून महिला शेतकऱ्यांची एक कंपनी उभी राहिली. काम सोयाबीनच्या बियाण्याचं. सभासद बायकांनी आपापल्या शेतात बियाण्यासाठी सोयाबीन पिकवायचं, कंपनीनं ते चाळून, निवडून नवीन जालन्यातल्या एका मोठ्या बियाणे कंपनीला द्यायचं. त्या मोठ्या कंपनीला आम्ही सगळे 'जालनेवाले' म्हणायचो. आमच्या कंपनीत सभासद सगळ्या बायका, पाच संचालक, त्याही बायका. त्यांनी माझ्या बायकोला अध्यक्ष केलं, कारण तिला बियाणं कळतं.

बियाणं कळतं म्हणजे काय, हे मलाही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी समजलं. खायच्या सोयाबीनला कसंही हाताळा, चालतं. बियाण्याच्या सोयाबीनची साल फार पातळ. मळणी जोरात केली किंवा पोतं उंचावरून आपटलं की दाणा वरून टपोरा दिसतो आणि आतून मेलेला असतो. बायको हमालांच्या मागे मागे फिरायची. "ठिवा, भाऊ, ठिवा. टाकू नका." हमाल वैतागायचे. शिवाय तिचा एक नियम होता. प्रत्येक ढिगातले शंभर दाणे घ्यायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, वर दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं, नाहीतर तो ढीग सरळ तेलाच्या मिलला. गोणपाट उघडल्याशिवाय पोतं हलवायचं नाही म्हणजे नाही. सहा दिवसांत भागलं असतं असं मी एकदा सुचवलं होतं. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

आता माझ्या चेअरमनकीबद्दल. आमच्याकडे बाईला पद मिळालं की रामराम नवऱ्याला मिळतो. सरपंच बाई असली तर लोक तिच्या नवऱ्याला सरपंच म्हणतात आणि तोही खिशाला पेन लावून हिंडायला लागतो. यात कुणाला कुणाची चेष्टा करायची नसते. ते इतकं अंगवळणी पडलेलं आहे की बाईलाही ते वेगळं वाटत नाही. बायको अध्यक्ष झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी फाट्यावरच्या चहावाल्यानं मला आवाज दिला, "या चेअरमन, बसा." मी हसलो, 'अरे, काय लावलंय हे' असं काहीतरी म्हणालो, आणि बसलो. महिनाभरानं मी हसणंही बंद केलं.

खुर्चीवर बसणारीला काय म्हणायचं, यावर गोदामाच्या पत्र्याखाली संचालकांची एक बैठक झाली होती. मी बायकोला सोडायला गेलो होतो, तो बाहेर पोत्यांच्या थप्पीवर बसून ऐकत होतो. निमित्त होतं पाटी, शिक्का आणि पत्रांचे कागद छापायचं. कंपनीचं रोजचं काम बघायला एक शेतकी पदवीधर मुलगी नेमली होती. वय पंचविसाच्या आत, हुद्दा सीईओ. गाडीवाले येऊन तिलाच विचारायचे, "साहेब कुठं गेलेत?" ती म्हणाली की कंपनीला मदत देणाऱ्या सरकारी प्रकल्पाच्या कागदांवर 'चेअरपर्सन' असं आहे, जालन्याच्या ऑफिसांतही आता तसंच लिहितात, आपण काय लिहायचं ते ठरवा.

एक संचालक बाई फार तडफेच्या. त्यांचं घर मोठं, जमीन मोठी, आवाजही मोठा. त्या म्हणाल्या, "चेअरमन लिव्हा. कारखान्याला चेअरमन असतो, त्याच्या गाडीला लोक रस्ता देतात. दुसरं काही लिव्हलं तर कोण विचारून राह्यलं आपल्याला?"

दुसरी म्हणाली, "अध्यक्षा लिव्हा. बाई हाय हे कळू द्या की लोकायला. इतक्या वर्षांनी एक बाई बसली, अन् आपणच पाटीवर झाकून ठिवायचं व्हय?"

तिसऱ्या होत्या खाला. साठीच्या, चार एकर कोरडवाहू एकटीनं कसणाऱ्या, घरी उर्दू आणि बाहेर आमची-त्यांची मिळून एक भाषा बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "हमारे में अध्यक्ष को सदर बोलते. मर्द रहो, औरत रहो, सदर वो सदर. इसमें इतना क्या सोचना है?"

मला बाहेरून ऐकताना मजा वाटत होती, पण दुसरीचं म्हणणं मनाला लागलंही होतं. लपवायचं कशाला, हे बरोबरच होतं. तेवढ्यात बायको बोलली. ती फारसं बोलत नाही, त्यामुळे ती बोलली की लोक ऐकतात. "अध्यक्ष लिव्हा. खुर्ची बाईची बी न्हाई अन् बाप्याची बी न्हाई. उद्या माझ्या जागी दुसरं कुणी बसलं तर पाटी बदलायचं काम पडू ने. बसणाऱ्यानं पाटीकडं बघून काम करावं."

कुणीतरी गमतीनं मला विचारलं, "तुमचं काय मत हाय, दाजी?" मी पोत्यावरून उठून चांगलं पाच मिनिटांचं भाषण ठोकलं. काळ बदलला, पदाला लिंग नसतं, माणसानं काम बघावं, वगैरे. सीईओ मुलीनं टाळी वाजवली. अजूनही ते भाषण आठवलं की मला स्वतःचा राग येतो. म्हणालो ते सगळं खरं होतं, पण माझ्या मनात दुसरंच होतं. 'अध्यक्षा' लिहिलं असतं तर ते पद कधीच माझ्या अंगाला बसलं नसतं. 'अध्यक्ष' मात्र माझ्याही मापाचं होतं.

त्याच आठवड्यात जालनेवाल्यांचा नोंदणीचा फॉर्म आला. तो भरायला मी बसलो, कारण माझं अक्षर चांगलं. 'अध्यक्षांचा मोबाईल नंबर' असा रकाना होता. त्यात मी माझा नंबर लिहिला. मुद्दाम नाही, शपथेवर सांगतो. आमच्या गावात बायकांच्या सगळ्या कागदांवर नवऱ्याचाच नंबर असतो. गॅसच्या पुस्तकावर, रेशनला, बँकेत, पोरीच्या शाळेत, सगळीकडे. हात आपोआप चालतो. बायको शेजारी कुंडीतल्या मिरच्या तोडत होती. ती म्हणाली, "माझा लिव्हा की, माझ्याकडं बी फोन हाय." मी म्हणालो, "माझा लागतो तरी. तुझा कायम पदराला गाठ मारून." ती पुन्हा मिरच्या तोडायला लागली.

फोन यायला लागले. बहुतेक साधेच असायचे. माल बघायला माणूस कधी येणार, पोत्यांवरची चिठ्ठी कशी असावी, असं काहीबाही. मी "हां, हां" म्हणायचो आणि घरी आलो की निरोप द्यायचो. निरोप देताना समोरचा मला काय समजून बोलला, ते मात्र सांगत नसे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. त्या साली काढणीच्या ऐन वेळेला पाऊस झाला होता, त्यामुळे बायको जास्तच काळजीत होती. गुरुवारी सकाळी तिनं तीन ढिगांचे दाणे गोणपाटात लावले. म्हणजे पुढच्या गुरुवारी उघडायचे. त्याच गुरुवारी दुपारी मी फाट्यावर होतो. आम्ही चार-पाच जण चहा घेत बसलो होतो आणि जालनेवाल्यांच्या खरेदी साहेबांचा फोन आला. नंबर ओळखीचा होता. मी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. का ठेवला? चार माणसांनी ऐकावं म्हणून. दुसरं कारण नाही.

"नमस्कार, अध्यक्ष बोलताय का?"

चौघं माझ्याकडे बघत होते. 'थांबा, बायकोला विचारून सांगतो' हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. तसंच गिळलं.

"हां, बोला साहेब."

"सोमवारी गाडी पाठवू का? पहिली शंभर पोती उचलतो. माल तयार आहे ना?"

"बिलकुल. पाठवा ना, बराबर भरून देऊ."

फोन ठेवला. एक जण म्हणाला, "चेअरमन, गाडी लागली म्हणा की!" मी सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले.

संध्याकाळी घरी आल्यावर सांगायचं होतं. बायको गोणपाटांवर पाणी शिंपडत होती. मी म्हणालो, "जालनेवाल्यांचा फोन आल्ता. गाडी पाठवून राह्यलेत म्हणे." तिनं विचारलं, "कधी?" मी म्हणालो, "कळवतील." बस.  घाबरलो होतो, असंच म्हणावं लागेल. मनात म्हटलं, सोमवारपर्यंत काहीतरी मार्ग निघेल, गाडीच उशिरा येईल. तीन दिवस मी मोसंबीच्या बागेत नको ती कामं काढून बसलो.

सोमवारी अकराला गाडी गोदामासमोर उभी राहिली. शेजारच्या गावातल्या दहा-बारा सभासद बायका पोती शिवायला आल्या होत्या, त्या तडफेच्या संचालक बाईही होत्या. ड्रायव्हरनं कागद दाखवला. बायकोनं तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "भाऊ, माल अजून तयार न्हाई. गाडी रिकामी न्यावी लागंल." ड्रायव्हर भडकला. त्यानं तिथूनच खरेदी साहेबांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. साहेब म्हणाले, "असं कसं? तुमच्या अध्यक्षांनीच गुरुवारी सांगितलं, गाडी पाठवा म्हणून."

पोती शिवणाऱ्या बायकांचे हात थांबले. बायकोनं माझ्याकडे बघितलं, अगदी क्षणभर. मी थप्पीला टेकून उभा होतो. तिला सगळं समजलं.

ती फोनजवळ वाकून म्हणाली, "अध्यक्ष मीच बोलतीये, साहेब."

"अहो पण तिकडून तर..."

"जे झालं ते आमच्याकडून झालं," तिनं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. "चूक आमची हाय. चाचणी झाल्याबिगर माल भरणार न्हाई. झाली की मी कळवते."

साहेबांनी फोन ठेवता ठेवता ऐकवलं की शब्द असा फिरवला तर पुढच्या हंगामाचा विचार करावा लागेल. गाडी धूळ उडवत निघून गेली. साठ बायकांचं वर्षाचं सोयाबीन त्या गोदामात होतं. बियाणं म्हणून गेलं नाही तर ते बाजारात साध्या मालात जाणार होतं, आणि कंपनीचा पहिलाच हंगाम शेवटचा ठरणार होता.

दुसऱ्या दिवसापर्यंत चारही गावांत झालं की अध्यक्षांनी आधी शब्द दिला आणि मग शेपूट घातलं. गुरुवारी चाचणी उघडायच्या दिवशीच सर्व सभासदांची सभा ठेवावी, अशी मागणी त्या तडफेच्या बाईंनी केली. विषय एकच, अध्यक्ष बदलायचा का.

मंगळवारी संध्याकाळी बायको भाकरी करत होती, तेव्हा तिनं विचारलं, "पाठवा म्हणलात तुमी?"

"हो."

"का?"

"चार माणसं बसली व्हती."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मी म्हणालो, "सांगून टाक त्यायला. नवऱ्यानं घोळ घातला म्हणावं. तुझ्यावर कशाला घेती?"

"मी सांगितलं तर काय म्हणतील? कंपनी हिचा नवराच चालवतो म्हणतील. मंग मी बसले काय अन् न्हाई बसले काय. पुढं जी कुणी बसंल, तिच्या नवऱ्याला बी लोक आधी विचारतील."

"अन् न्हाई सांगितलं तर?"

"तर मला खोटारडी म्हणतील. खोटारडीला बदलता येतं. कंपनी तरी राहील." मग ती म्हणाली, "गरम हाय तंवर खा."

मी जेवलो. ताटात काही टाकायची माझी हिंमत झाली नाही. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बुधवारचा अख्खा दिवस ती नेहमीसारखी वागली. गोणपाटांवर पाणी मारलं, मला डबा दिला, म्हशीचं बघितलं. तिची खुर्ची जाणार, आणि ती माझ्यामुळे जाणार, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. दोघांतला बोलू शकणारा मी एकटाच होतो.

गुरुवारी पत्र्याखाली साठेक बायका जमल्या. पुरुष बाहेर, ट्रॅक्टरच्या सावलीला. मी मात्र दाराच्या आत, भिंतीला लागून उभा राहिलो. कुणी हटकलं नाही, कारण गोदामातल्या खुर्च्या मीच लावल्या होत्या.

बायकोनं आधी गोणपाटं उघडली. सगळ्यांसमोर, जमिनीवर बसून. सीईओ मुलगी मोजत होती, खाला तिच्याबरोबर पुटपुटत होत्या. पहिल्या गोणपाटात ब्याऐंशी कोंब. दुसऱ्यात अठ्ठ्याहत्तर. तिसरं उघडलं तेव्हाच वास आला. पाऊस लागलेला ढीग होता तो. बरेच दाणे फुगून काळे पडले होते. मोजणी चोपन्नवर थांबली. त्या ढिगात तडफेच्या बाईंचंही सोयाबीन होतं. त्या खाली वाकून स्वतः पुन्हा मोजायला लागल्या. त्यांचीही मोजणी चोपन्नच आली.

"सोमवारी हाच माल पुढं व्हता," बायको म्हणाली. "हाच गाडीत गेला असता."

बायकांमध्ये कुजबुज झाली. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, झालं, सुटली ही. पण त्या बाई हाताला लागलेली माती झटकत उभ्या राहिल्या.

"चाचणी खरी हाय. माझाच माल पडला, तरी मी खरी म्हणते. गाडी परत लावली ते बी बराबर केलं. पण गोणपाट गुरुवारी सकाळी तुमीच लावलं. सात दिवस लागतात हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक न्हाई. अन् त्याच दिवशी तुमी 'गाडी पाठवा' म्हणलात. का म्हणलात? एवढंच सांगा."

त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचं खरं उत्तर बायको देणार नव्हती.

"बोलो बेटी," खाला म्हणाल्या. "जवाब तो देना पडता."

बायको उभी राहिली. पदर खांद्यावर सारखा केला. "ते चुकलं. का चुकलं ते सांगून काही फायदा न्हाई. जबाबदारी अध्यक्षाची असती, ती माझी हाय. ज्यायला दुसरं कुणी बसवायचं, त्यायनी हात वर करा."

सीईओ मुलीनं पेन उघडलं. पुढच्या रांगेतला एक हात वर गेला. मागून दोन गेले. मग एकमेकींकडे बघत आणखी चार-पाच. बायको मोजत होती, एकेका हाताकडे नीट बघत, कोंब मोजत होती तशीच.

"थांबा," मी म्हणालो. "हिचं काही..."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि सभेतल्या आवाजात म्हणाली, "तुमी सभासद न्हाई. सभेत बोलायचं असंल तर आधी परवानगी घ्यावी लागती."

काही बायका पदराआड हसल्या. तीस वर्षं मी त्या बाईला 'अगं' आणि 'ऐकलं का' यावर भागवलं होतं. फाट्यावर तिचं पद मिरवलं, पण तिला त्या पदानं एकदाही हाक मारली नव्हती. 

"अध्यक्ष," मी म्हणालो, "मला दोन मिनिटं बोलायचंय. परवानगी द्या."

तिनं बाकीच्या चार संचालकांकडे बघितलं. "कुणाची हरकत हाय का?"

"बोलने दो," खाला म्हणाल्या.

"बोला."

मी सांगितलं. गुरुवारी दुपारी शब्द मी दिला. फॉर्मवर नंबर माझा होता. साहेबांनी अध्यक्ष बोलताय का विचारलं, मी हां म्हणालो. तिला काही माहीत नव्हतं. घरी येऊन मी तिलाही नीट सांगितलं नाही. गाडी दारात आली तेव्हा तिला कळलं. बोलताना माझी नजर जमिनीवरच्या काळ्या दाण्यांवर होती. बाहेरच्या पुरुषांना सगळं ऐकू जात होतं, हे मला माहीत होतं. त्यातले तिघे त्या दिवशी चहाला होते.

 मग खालांनी विचारलं, "मतलब, तुम अध्यक्ष बन के बात किए?"

"हां."

"कितने बार?"

हे कुणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. मी एका फोनची कबुली द्यायला उभा राहिलो होतो.

"लई बार," मी म्हणालो. "मोजलं न्हाई."

तडफेच्या बाई माझ्याकडे नाही, बायकोकडे वळल्या. "मंग इतके दिवस आपण निवडलं कुणाला?"

"मला," बायको म्हणाली. "शब्द यायनी दिला. गाडी मी परत लावली."

त्या बाईंनी तिसऱ्या गोणपाटाकडे एकदा पाहिलं. मग खाली बसल्या. त्यांच्या मागचे हात एकेक करून खाली आले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी काही भलं बोललं नाही. फक्त त्या बाई बसल्या बसल्या म्हणाल्या, "लिव्हून घ्या, पोरी. अध्यक्ष तेच राहतील. अन् तो नंबर आत्ताच्या आत्ता बदला." सीईओ मुलीनं मान डोलावली आणि खरंच तिथंच जालनेवाल्यांना फोन लावायला उठली.

मला वाटलं होतं, बायको माझ्याकडे बघेल. रागानं बघेल किंवा मायेनं, पण बघेल. ती समोरचा कागद वाचत होती. तिनं त्यावर एक ओळ खोडली आणि मान वर केली.

"तुमचं झालं असंल तर बाहेर बसा," ती मला म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पुढचा विषय घ्यायचाय. चोपन्नवाल्या ढिगाचं काय करायचं ते ठरवायचं."

मी बाहेर आलो. दारात साठ बायकांच्या चपला पडल्या होत्या, त्यांतून वाट काढत पायरीवर बसलो. ट्रॅक्टरच्या सावलीतले पुरुष माझ्याकडे बघत होते, पण कुणी हाक मारली नाही, आणि ते बरंच झालं. आतून तिचा आवाज येत होता. कुणाचं किती सोयाबीन वेगळं करायचं, मिलला कोण जाणार, उरलेल्या दोन ढिगांचं जालन्याला कोण कळवणार, ती एकेकीला विचारत होती आणि काम वाटून देत होती. मला शरम वाटत होती आणि तिचा अभिमानही, दोन्ही एकदम, आणि दोन्हींवर माझा काही इलाज नव्हता. सभा आणखी तासभर चालली. माझ्यावाचून आत कुणाचंही काही अडलं नव्हतं, आणि ते कधीच अडलं नव्हतं, हे मला त्या पायरीवर बसून कळलं.